लाल पाटी

किशिनाऊच्या टीव्हीच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर,
फेब्रुवारीतल्या एका शनिवारी
देश आपलं गाणं निवडतो.

देश म्हणजे पाच खुर्च्या.
एक दातांचे डॉक्टर, कुणाचे तरी मेहुणे,
दोन संगीतशिक्षिका, एकमेकींशी अबोला धरलेल्या,
एक रेडिओवाला,
वाद्यवृंदाचे एक निवृत्त संचालक, जे डोळे मिटून ऐकतात
आणि कधीकधी ऐकतच नाहीत.
कोपऱ्यात मी, ग्लिकेरिया.
माझ्या हातात स्टॉपवॉच.

नियम सोपा आहे. तीन मिनिटं.
अडीचला पिवळी पाटी, तीनला लाल.
एकोणीस वर्षं वर करतेय हा हात.
अंगभर आरसे लावलेल्या पोरी बघितल्या,
कडव्याच्या मध्येच भांडलेले तीन भाऊ बघितले,
प्रेमाला आग म्हणणारे तर मोजायचे सोडून दिले.
बाहेर बोळात केसांच्या फवाऱ्याचा वास,
कोबीच्या गरम प्लाचिंतांचा वास,
तोंडात टाचण्या धरून
मुलींचे झगे आवळणाऱ्या आया.

सत्ताविसावा इलारिओन.
ओर्हेयकडचा, दारूची पिंपं घडवणारा.
दर वर्षी येतो, त्याच तपकिरी कोटात.
आवाज चांगला नाही, हे आधीच सांगते,
नाहीतर तुम्ही भलत्या आशेनं ऐकाल.
त्याचं गाणं गावातल्या विहिरीबद्दल:
शेवटची घागर भरून कोण कोण गेलं,
एकेकाचं नाव.
मधे अकॉर्डियन, पुन्हा नावं.
दर वर्षी यादी वाढते
आणि दर वर्षी माझी पाटी
कुणातरी एकाच्या नावावर पडते.
गेल्या खेपेला 'तिमोफ्तेई'तला 'ति' तेवढा झाला होता.

यंदा त्यानं चाल पळवली.
तरी पुरेना.
अडीच. पिवळी.
त्यानं पाहिलं, मान हलवली,
पिंपाला ठोकून गळतं का बघावं
तसं एकेक नाव ठोकत राहिला.
तीन.
पाटी माझ्या मांडीवर होती.
पाच खुर्च्या प्लाचिंतांच्या ताटाकडे वळलेल्या.
मी अंगठ्याकडे बघत बसले, जणू तो दुसऱ्या कुणाचा.
तीन दहा. तीन वीस.
तिमोफ्तेई पूर्ण झाला, त्याची बायको झाली,
एक जुळी झाली,
मग नुसतीच विहीर राहिली, आणि तो थांबला.

'किती झाले?' रेडिओवाल्यानं विचारलं.
'दोन अठ्ठावन्न,' मी म्हणाले.

पाच जणांचे मिळून त्याला सात गुण पडले.
म्हणजे माझ्या खोट्यानं
देशाचं काही बिघडलं नाही.

पुढच्या शनिवारी फोनवरच्या मतांनी सोरीना निवडली गेली.
वाईट नाही गात पोरगी.
वरचा सूर असा लावते
की काचेलाही क्षणभर विचार करावा लागतो.
मतं फक्त देशातल्या फोनांची.
जे बाहेर आहेत,
परक्यांच्या म्हाताऱ्यांना कुशीवर वळवताहेत,
परक्यांच्या गच्च्या लिंपताहेत,
त्यांचा फोन लागतो, मत लागत नाही.

रात्री पादोव्हाहून स्तेलुत्साचा फोन आला.
हळू बोलत होती, तिचे म्हातारे नुकतेच झोपले होते.
'आई, कोणाला निवडलंत तुम्ही?'

तुम्ही.
गेल्या वर्षी 'आपण' म्हणाली होती.
बहुतेक. आता खात्रीनं आठवत नाही.

सोरीना, मी म्हणाले.
बरं, ती म्हणाली.
मग जेवण, गुडघा, तिकडचा पाऊस,
इकडची लाइट.
मला इलारिओनचं सांगायचं होतं,
ती यादी, ती जुळी,
सुरुवातही केली: 'अगं, एक पिंपवाला...'
तिकडून खोकल्याचा आवाज आला.
'उठले वाटतं. ठेवते हं.'

फोन हल्ली स्वतःच सांगतो, किती वेळ बोललात.
दोन मिनिटं, एक्कावन्न सेकंद.

नियमात बसलं.