अकरा नंबरची काच

करारावर सही घेताना साहेबांनी विचारलं,
अंधाराची भीती वाटते का?
मला वाटलं, रात्रपाळीचं विचारतायत.
म्हटलं, दिघ्याला राहते, लाइट जातच असते.

मग डोक्यावर हेल्मेट आलं
आणि रबाळे एमआयडीसी भर दुपारी विझली.

अकरा नंबरच्या काचेतून काहीच दिसत नाही.
शेड नाही, क्रेन नाही,
काम सोडून माझ्याकडे बघत राहिलेला
ग्राइंडरवाला महादू नाही.
रॉड टेकवला की एक हिरवा सूर्य,
वाटाण्याएवढा,
आणि त्याच्या मागून चाललेलं लोखंडाचं पाणी.

पहिल्या महिन्यात तो उगवायचाच नाही.
रॉड चिकटायचा. मी ओढायचे,
तो लाल व्हायचा, वाकायचा, सुटायचा नाही.
कुट्टप्पन उस्ताद लांबून ओरडायचे,
"काडेपेटीची काडी ओढते तशी ओढ. भांडू नको."
त्यांची मराठी तुर्भ्याच्या खोल्यांत कमावलेली,
लिंगं सगळी उलटीसुलटी,
पण रॉड किती वर धरायचा
हे इतकं स्वच्छ मला कुणी सांगितलं नसतं:
"कान लाव. बोंबील तळतो ना,
तशी आवाज आली की तुझी काम बरोबर."

मला हसू फुटलं.
तरेंच्या घरातली मी. बोंबलाचा आवाज मला पाठ.
तेव्हापासून डोळ्यांनी कमी, कानांनी जास्त जोडते.
तडतड वाढली, करंट उतरव.
फुसफुस, म्हणजे रॉड दमट, भट्टीत परत ठेव.
एकसुरी चरचर,
आता श्वास सोड, हात सोडू नको.

विद्यावेतन आठ हजार दोनशे.
हा शब्द मला आवडतो.
शाळेत विद्येचे पैसे आम्ही भरायचो.
पहिला मेसेज आला तेव्हा मी घरात आडवी,
कारण काच न लावता एकदा, एकदाच,
शेजारी कुणी टाका मारत होता तिकडे बघितलं होतं.
रात्रभर पापण्यांखाली रेती.
आईने डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवल्या
आणि मेसेज वाचून दाखवला,
आकडा दोनदा.

आत्या म्हणाली, पोरीच्या अंगावर डाग पडले तर?
पडलेच. मनगटावर तीन, मोजा संपतो तिथे.
गळ्याखाली एक, ठिणगी आत शिरली त्या दिवशीचा.
त्या दिवशी मी शेडभर नाचले
आणि महादूने पहिल्यांदा मान वळवली.

आठव्या महिन्यात बेंड टेस्ट.
आपणच जोडलेली पट्टी प्रेसखाली द्यायची
आणि मोडते का, बघत उभं राहायचं.
दहावीचा पेपर कुणी तपासला, आजवर कळलं नाही.
इथे लोखंड तोंडावर बोलतं.
पहिली पट्टी बोलली: कट्.
आत राख राहिलेली.
शुक्रवारी पाच वीसची बस गाठायची म्हणून
मी हातोडी नुसती फिरवली होती.
ती घाई तशीच्या तशी, काळी, आत बसून होती.
उस्ताद रागावले नाहीत. तुकडा हातात दिला.
"वास घे."
मी खरंच घेतला.

दुसरी वाकली.
वाकत गेली, प्रेसचा काटा चढत गेला,
पाठीवरची चामडी ताणून चकचकीत झाली,
चीर कुठेच नाही.
उस्तादांनी अंगठ्याचं नख फिरवलं,
खडूने तारीख घातली,
नाव लिहायला गेले आणि अडले.
"विशाखाचा शा, कुठली?"
म्हटलं, पोटफोड्या नाही, तो दुसरा.
ते थोडा वेळ थांबले
आणि पोटफोड्याच लिहिला.

ती पट्टी आता घरी, उंबऱ्याशी.
संध्याकाळी खाडीकडून वारा सुटला की
दार आपटायचं, म्हणून आईने तिथे लावली.
परवा आत्या तिला ठेचकाळली.
म्हणाली, हे काय ठेवलंय मध्येच?
आई भाकरी थापत होती, वर न बघता म्हणाली,
"बघून चाला, वन्सं."