ओल्या ट्रॅकवर अकरावा

रात्रीचे साडेअकरा. धायरी फाट्याच्या मागे, तिसरा मजला.
बाहेर कोरडं आहे. ऑक्टोबर, भिंती अजून तापलेल्या,
आणि टीव्हीत पाऊस.
मीच लावलेला, सेटिंगमध्ये जाऊन: मुसळधार.

पाचव्या वळणाआधी डबकं आहे.
राजाराम पुलाच्या उतारावरच्या खड्ड्यासारखं
तेही आता मला पाठ झालंय.
शंभर मीटर आधीच मी ब्रेक दाबतो,
हळू, बोटाखाली अंडं असल्यासारखा.
तरी मागचं चाक सुटतं,
कंट्रोलर जुन्या फ्रीजसारखा थरथरतो,
आणि उजवीकडून निळी गाडी जाते.
नुसती जाते.
त्याच डबक्यातून,
जणू ते कुणीतरी खडूने काढलंय.

मग पिवळी. मग दोन लाल.
त्यांच्या चाकांचा फवारा
फक्त माझ्या काचेवर.
माझे वायपर जीव तोडून फिरतात.
वायपर त्यांनाही आहेत, फिरतातही,
पण कुणासाठी?
आत हेल्मेट आहे, हेल्मेटात कुणी नाही.

वरच्या मजल्यावरचा शार्दूल, इयत्ता नववी, म्हणतो,
"काका, त्यांना पाऊस लागतच नाही. ते आकडे आहेत.
पाऊस बंद करा, नाहीतर लेव्हल कमी करा."
दोन्ही सल्ले बरोबर.
दोन्ही घेववत नाहीत.
हरायला माझी ना नाही रे,
दहावीपासून सवय आहे.
पण पाऊस लावलाय तर तो सगळ्यांवर पडावा.
एवढं एक कलम.

कलमं हाच माझा धंदा. मोटार विम्याचा सर्व्हेअर.
बावीस वर्षं घसरलेल्या गाड्यांचे फोटो काढतोय,
ओरखड्याची लांबी टेपने मोजतोय,
आणि घरी येऊन स्वतः घसरतोय.

गेल्या आठवड्यात लुल्लानगरच्या चौकात
मेहरुन्निसा बागवान, वय छप्पन्न, मोपेड.
टँकर गळत गेला होता, भर उन्हात रस्ता ओला.
'अपघाताचं कारण' या रकान्यात मी लिहिलं:
रस्ता निसरडा.
बाईंनी चष्मा लावून वाचलं.
म्हणाल्या, "निसरडा सगळ्यांनाच होता की हो.
माझ्या मागनं आणखी तिघं पडले.
मग आम्ही चौघांनी मिळून पाचव्याला हात केला."
पेरूंची पाटी सांडली होती,
लोकांनी गोळा करून दिली.
"सात-आठ कमी भरले. चालायचंच."

याला फॉर्मवर रकाना नाही.
मी मागच्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवलं,
ऑफिसात कुणी विचारलं नाही.

आज शेवटच्या लॅपला मी अकरावा होतो.
म्हणजे माझ्या मागे नऊ.
काय डोक्यात आलं कोण जाणे,
पाचव्या वळणाशी गाडी डबक्यात आडवी घातली
आणि थांबलो.
हात करायचं बटण नाही. हॉर्न नाही.
दिवे होते, तेच उघडझाप केले:
हळू, बाबांनो, हळू, इथे पाणी आहे.

पांढरी आली.
तिच्या आखलेल्या रेषेवर मी उभा.
तिने ब्रेक मारला नाही.
दचकली नाही. काच खाली करून
"रस्ता काय तुमच्या तीर्थरूपांचा?" एवढंसुद्धा नाही.
धडकली, मला बाजूला सारलं,
सरळ झाली, गेली.
तिच्या पाठोपाठ बाकीच्या आठ,
एकाच रेषेत, एकाच वेगात, माझा पत्रा घासत.
मग स्क्रीनवर शांतपणे आलं:
पाच सेकंदांचा दंड. तुम्हाला.

मी पुन्हा सुरू केलं.
पाऊस तसाच ठेवला. का ते विचारू नका.

शर्यत लोड होत होती तेवढ्यात खाली पाण्याचा टँकर आला,
पाइप जोडताना गेटपाशी बरंच सांडलं.
वॉचमन सूर्यभान कुठूनसं एक पोतं घेऊन आला,
ओल्या फरशीवर अंथरलं,
एक पाय ठेवून बघितला,
मग दुसरा.
समाधान झालं नाही बहुतेक.
आणखी एक आणायला गेला.

टीव्हीत लाल दिवे एकेक करून लागत होते.
मी खिडकीतच होतो.