मंगळवार-शुक्रवार

पुलाच्या अलीकडचा चढ जीव खाऊन चढायचा,
वर पोचलं की कठड्याशी थांबायचं
आणि घड्याळाची कळ दाबायची.
एकशे अडुसष्ट.
मग साठ सेकंद काहीच करायचं नाही.
वाकायचं नाही, गुडघ्यांवर हात टेकायचे नाहीत.
मिशांवर बर्फ धरत असतो तो धरू द्यायचा
आणि आपलं हृदय एकेक पायरी उतरताना
परक्यासारखं बघत राहायचं.
एकशे बत्तीस.
म्हणजे छत्तीस.

फ्रिजच्या दारावर कागद आहे, त्यावर पेन्सिलीने हे सगळं.
योएन्सूच्या लाकूडगिरणीत एकोणतीस वर्षं मी फळ्या मोजल्या,
निवृत्त झाल्यावर मोजायला हेच उरलं.

आरोग्य केंद्रातली सिर्का म्हणाली,
आकडा बाराच्या खाली गेला तर ये,
एरवी एका दिवसाच्या आकड्याला विचारू नकोस काही,
तो खोटं नाही बोलत, पण अर्धवट बोलतो.
धाव म्हटल्यावर धावतं कुणाचंही हृदय.
पुरे म्हटल्यावर ते किती ऐकतं, ते बघ.
आठवड्यांची चाल बघ.

बघितली.
छत्तीस, चोवीस, अडतीस, बावीस, सदतीस.
पुढच्या आठवड्यात जवळपास तेच.
त्याच्या पुढच्याही.
दर आठवड्याला दोन खड्डे, टपालगाडीसारखे वक्तशीर:
मंगळवारी एक, शुक्रवारी एक.

आधी संशय कॉफीवर घेतला. सोडली.
मग छातीच्या पट्ट्यावर. नवी बॅटरी घातली,
पट्टा थुंकीने ओला करून बांधला, ओस्मो बांधतो तसा.
मग ध्यानात आलं, सोमवारी आणि गुरुवारी रात्री सौना असतो,
उष्णतेने अंगातलं पाणी जात असणार.
दोन आठवडे सौना बंद.
हे मी ओस्मोला सांगितलेलं नाही,
त्याने माझ्याशी बोलणंच टाकलं असतं.

तेवीस. एकवीस.

थकवा म्हणावा, तर बुधवारी सकाळी मी हरणासारखा.
वय म्हणावं,
तर वय काय फक्त मंगळवार-शुक्रवारी होतं?

पुलाखाली नदी गोठलेली असते.
काठाजवळ बर्फाला भोक पाडून
राइली उलट्या बादलीवर बसते,
हातात वीतभर गळ, डोक्यावर नवऱ्याची जुनी टोपी.
मान वर न करता विचारते,
"आलास?"
मी म्हणतो, "आलो."
एखाद्या दिवशी ती बोटभर पट्टेरी मासा उंच धरून दाखवते
आणि मी मान हलवतो.
एवढंच. याला कुणी बोलणं म्हणणार नाही.
ती मंगळवारी येते. आणि शुक्रवारी.

हे मला कळायला चौदा आठवडे लागले.
फळ्या मोजताना मी कधी चुकलो नव्हतो.

कळल्यावर कागदावर रकाना वाढवायला हवा होता:
झोप, कॉफी, थंडी, आणि पुढे ते.
पेन्सिल हातात घेतली,
रकान्याला नाव काय द्यायचं ते सुचेना.
सिर्काला विचारण्यासारखं ते नव्हतं.

फेब्रुवारीतल्या शेवटच्या शुक्रवारी
चढ चढलो, कळ दाबली, उभा राहिलो.
खाली बादली नव्हती.
वारा नव्हता, गाड्या नव्हत्या,
हृदय शहाण्या पोरासारखं भराभर खाली आलं.
एकशे सत्तर. एकशे एकोणतीस.
एक्केचाळीस.
वर्षभरातला सगळ्यात चांगला आकडा.
सिर्काने पाठ थोपटली असती.

कठड्यावरून वाकून पाहिलं.
मंगळवारच्या भोकावर
दुधावर धरावी तशी साय धरली होती,
कुणी मोडली नव्हती.

मी चढ उतरलो
आणि पुन्हा एकदा चढलो.
तसं वेळापत्रकात काही नव्हतं.