सगळ्यात लहान दिवसानंतर, मोटुएका

नायरीचा उजवा हात प्लास्टरमध्ये,
म्हणून ती उलट्या क्रेटवर बसून नुसती बोलते
आणि कात्री सुनेच्या हातात.

"आधी डोळा बघ. बाहेर बघणारा.
त्याच्यावर अर्धं बोट सोड,
तिरका काप, पाणी साचायला नको."

ब्रॉन्विन गुलाबाभोवती फिरते.
सापडतात ते सगळे डोळे आत बघणारे.

हिवाळा इथला नावापुरता.
पहाटे गवतावर पांढरं,
दहाच्या चहापर्यंत नुसती ओल.
लिंबावर रात्री घातलेली जुनी चादर
अजून कुणी काढलेली नाही.

आणि या फांदीला तर फूल आहे,
ऐन जूनमध्ये, कडा करपलेलं, पण फूल.
"हीसुद्धा?"
"हीच. गुडघ्याच्या खाली घे.
दया केलीस तर सप्टेंबरात काड्या मोजत बसशील."

कात्री मिटते.
फूल कुठं ठेवावं कळेना, म्हणून ब्रॉन्विन ते
सासूच्या गळ्यातल्या झोळीत खोचते, प्लास्टरशेजारी.
नायरी खाली बघते.
मग म्हणते, "लसूण."

तो सगळ्यात लहान दिवशी लावायचा,
सगळ्यात मोठ्या दिवशी काढायचा.
चार दिवस उशीर झालाय.
लसणाला कॅलेंडर कळत नाही,
नायरीला कळतं.

"टोक वर. बूड खाली. वीतभर अंतर."
गुडघे ओले, नखांत काळी माती,
ब्रॉन्विन पाकळ्या खुपसत जाते,
बोलणं ऐकत, न ऐकत.

तिसऱ्या ओळीत एक उलटी गेली.
दोघींनी पाहिलं.
ब्रॉन्विननं वर माती ओढली.
नायरी म्हणाली, "येईल तीही.
जरा वळसा घेईल."