माणशी चाळीस शब्द

दर मे महिन्यात, वाल्दिव्हियाच्या नदीवर धुकं बसलं की
मी पत्रं धाडते:
पदवी घेऊन दोन वर्षं झाली. काय चाललंय? कळवा.
वार्षिकात प्रत्येकाला चाळीस शब्द,
फोटो हवा असेल तर तीस.

सव्वीस वर्षं हेच काम.
पाकीट न फोडता सांगते आत कुठलं क्रियापद आहे:
रुजू झालो. रुजू झाले. बढती मिळाली.
इग्नासिया श्वेंके सांतियागोत, बँकेत, बाविसावा मजला;
साखरपुडा पेनानं वरून घातलाय.
मोजले: बरोबर चाळीस.
हिचं गणित पहिल्यापासून पक्कं.

ओस्वाल्दो कातालान उत्तरेला, तांब्याच्या खाणीत.
सात दिवस वर, सात दिवस खाली.
खाली म्हणजे घर की नुसती झोप,
ते सांगायला शब्द पुरले नाहीत.

फ्रेसिया बारिया, दातांची डॉक्टर, पुंता अरेनास.
पहिली गाडी घेतली. लाल.
लाल छापायचं का?
छापलं.
एवढ्या लांब, एवढ्या वाऱ्यात, असू दे बाई लाल.

रायेन वेन्चुमिलच्या फॉर्मवर माती सांडलेली.
वनशास्त्र, वर्गात दुसरी.
आता सरकारी रोपवाटिकेत हंगामी.
लिहिते, अलेर्सेची चारशे रोपं लावली,
दोन वर्षांत वीतभर झाली.
हे झाड तीन-तीन हजार वर्षं जगतं, त्याला घाई नसते.
माझा करार ऑगस्टपर्यंत.

सवयीनं मी 'रुजू' टाईप केलं आणि बोट तिथंच राहिलं.
बाकीच्यांचं रुजू होणं एका सहीचं.
हिच्याकडे काहीतरी खरंच रुजलंय,
आणि त्याला हुद्दा नाही.

बास्तियान ओयार्सोचं उत्तर नाही.
तीन पत्रं गेली.
मग एका दुपारी चिलोए बेटावरून फोन, त्याच्या आईचा.
मागे कुत्रं भुंकत होतं, किटली शिटी घालत होती.
"तो नाही लिहायचा, बाई.
एवढं माशांचं शास्त्र शिकला,
सामन मेले तशी कंपनीनं माणसंही कमी केली.
अकराला उठतो.
पण ऐका, वादळात घराचं छप्पर गेलं होतं,
ते त्यानं एकट्यानं घातलं. अठ्ठावीस पत्रे.
आजोबांची दाढी करतो, एक दिवसाआड.
त्यांचा हात कापतो ना आता.
हे चालतं का तुमच्यात?"

मी म्हटलं, बसेल.
बसेल म्हणजे चाळिसात.
चालतं का, ते मलाही ठाऊक नव्हतं.

संचालकांनी पेन्सिल फिरवली: ही बातमी नव्हे.
मग काय आहे, असं मी विचारलं नाही.
निवृत्तीला चौदा महिने उरलेत
आणि मला वाद घालताना रडू येतं.

संध्याकाळी मासळीबाजारावरून घरी निघाले.
धक्क्यावर समुद्रसिंह लोळत होते,
कुणीतरी माशाचं डोकं फेकेल म्हणून.
किती लठ्ठ, किती निवांत.
त्यांना कुणी विचारत नाही, काय चाललंय.
मी तीन पत्रं पाठवली
आणि त्या मुलानं अठ्ठावीस पत्रे ठोकले,
पावसात, शिडीवर, खालून शिडी धरायलाही कुणी नसताना.

घरी गेलेच नाही. छापखान्यात गेले.
शेवटच्या पानावर, बँकेच्या जाहिरातीखाली
दरवर्षी बोटभर जागा उरते,
एलेओदोरो तिथं वेलबुट्टी टाकतो.
म्हटलं, यंदा वेलबुट्टी नको. हे जुळव:
बास्तियान ओयार्सो, अंकुद. अठ्ठावीस पत्रे. आजोबांची दाढी, एक दिवसाआड.

त्यानं चष्मा कपाळावर सरकवला.
"फोटो?"
नाही. पूर्ण चाळीस आहेत त्याला.
"हे तर नऊच झाले."
हो.
उरलेले एकतीस कोरे सोड.