दीड डेसिबल

जेल रोडच्या मागं, पहिल्या मजल्यावर माझं दुकान.
खाली मोबाइलची कव्हरं, वर मी
आणि दोन स्पूल मशिनं. एक चालतं.
सुनंदाबाई मुंगी पिशवीतून वडील घेऊन आल्या:
सात इंची चकती, खोक्यावर निळ्या शाईनं
‘अण्णा. भीमपलास. नंदानगर’,
सालाच्या जागी कसरीनं खाल्लेलं भोक.

‘एमपीथ्री करा. भावाच्या फोनमध्ये जागा नाही,
फाइल लहान करा. आणि आवाज मोठा.’
लहान करा आणि मोठा करा.
सगळे हेच सांगतात.

टेप मायाळू होती. आवाज जरा जास्त आला
तर पोटात घ्यायची,
टोकं थोडी बोथट करून गप्प बसायची.
आता शून्य हे छत आहे.
सगळे त्याच्याखाली, उणे आकड्यांत राहतात,
आणि जो डोकं वर काढेल त्याचं डोकं सपाट,
मालव्याच्या पठारासारखं.
तिथून पुढं कितीही उतरवा,
शिखर परत उगवत नाही.

अण्णा उणे अठरावर गात होते. सावकाश, बैठकीला
पाचसहा माणसं असतील, एक खोकणारा.
अकराव्या मिनिटाला
मिलचा भोंगा.
सरळ शून्याला. मीटर लाल.
एवढ्या टेपमध्ये त्याच्याइतकं उंच कोणी नाही,
आणि यंत्र सगळ्यात उंच माणूस बघून दार बसवतं.
भोंगा तिथं असेपर्यंत
अण्णांना एक बोटही वर उचलता येईना.

‘कापू का?’ मी फोनवर विचारलं.
त्या रिक्षानं आल्या.
हेडफोन लावून अकराव्या मिनिटापाशी बसल्या,
मागं घ्या म्हणाल्या, पुन्हा मागं.
‘अण्णा टाइमकीपर होते. भोंगा त्यांच्या हातचा.
त्या दिवशी रजा. ऐका, शेपटीशी ऐका.’

मी कानावर दाबून धरलं.
भोंगा विझतोय, तानपुरा अजून चालू,
आणि तळाशी, फितीच्या सुसाट्यात,
उणे चाळीसच्या आसपास एक माणूस पुटपुटतो:
‘दोन मिन्टं लेट.’
कोणीतरी हसतं. मग समेवर येतात.

मग भाजीवाल्याशी व्हावा तसा सौदा.
भोंगा मी आठ डेसिबल उतरवतो म्हटलं,
त्या म्हणाल्या तीन.
‘भोंगा होता तो, बाई, शिट्टी नव्हे.’
पाचवर तुटला.
भोंग्याच्या मागचे ते तीन शब्द
मी हातानं वर ओढले, केसागणिक,
फितीचा सुसाटाही आला सोबत. आला तर आला.

शेवटचं काम उरलं होतं.
फाइल लहान करताना यंत्र बरंच काही गाळतं,
आणि उरलेल्यातून लाट पुन्हा रचतं,
ऐकलेली गोष्ट दुसऱ्यानं सांगावी तशी.
दुसऱ्यानं सांगितली की गोष्ट थोडी वाढते.
मूळ लाट छताला टेकलेली असेल
तर ही नवी छत फोडून जाते, आणि फोनच्या
चिमुकल्या स्पीकरमध्ये कर्रर्र होतं;
लोक म्हणतात, टेपच खराब होती.
पहिली दोन वर्षं मीही तेच सांगायचो.

आई श्रावणात कहाणी वाचायची,
उतू नये, मातू नये.
मला ते दुधाबद्दल वाटायचं.
म्हणून आता आधीच सगळं खाली घेतो,
भांड्याच्या काठाखाली दीड डेसिबल मोकळं,
मग एमपीथ्री, मग पुन्हा उघडून बघतो मीटर.
उणे शून्य पॉइंट चार. टेकलं नाही.

रात्री नवाला त्यांचा फोन.
‘हळू येतंय हो.’
‘तुम्ही वाढवा, बाई. तुमच्या बाजूनं.
फोनला बटण आहे.’
थोडा वेळ काही नाही. मग लांबून भोंगा,
पाचनं कमी, तरी खोलीभर,
आणि त्यांच्या भावाचा असावा असा आवाज:
‘लेट?’

बिलात मी स्पूलचे, तासांचे, पेन ड्राइव्हचे लावले.
वरच्या त्या मोकळ्या जागेचे नाही.
तिथं काही वाजत नाही.