पायगुण

ऑब्रे पर्क्सला गाता येत नव्हतं.
पियानो दोनच बोटांनी वाजवायचा,
चूल फुंकावी तसा वाकून.
पण चाल लावावी तर त्यानेच.

वॉल्सॉलमध्ये, खोगिरांच्या बंद कारखान्यावर
त्याचा स्टुडिओ. भिंतींना अंड्यांचे ट्रे,
जिन्यात चामड्याचा वास,
आणि जमिनीवर पाडलेल्या शाळेतून आणलेल्या फळ्या,
कुणाकुणाची नावं अजून कोरलेली.

शेजारच्या फाउंड्रीत माझी दुसरी पाळी.
एका रात्री सुटलो तर हा फाटकात उभा,
अंगात जांभळा कोट, पायात घरातल्या सपाता.
बूटवाली सहा माणसं हवीत, म्हणाला.
दोन पौंड. वर मासे आणि चिप्स.
गेलो.

माईक तोंडापुढे नाही, घोट्यापाशी ठेवला.
नाचू नका, म्हणाला, मालकाच्या नावाने आपटा.
हे मात्र सगळ्यांना लगेच कळलं.
पाच जण सरळ आपटत होते.
माझ्या डाव्या टाचेचा खिळा सैल.
प्रत्येक दणक्यामागून एक किणकिण,
जेवणं उरकल्यावर येणाऱ्या पाहुण्यासारखी.
साहेब, उपटून टाकतो, म्हटलं,
तर काचेमागून धावत आला.
हात लावशील तर याद राख!
मग टेप फिरवून फिरवून ऐकत बसला,
पोराच्या पहिल्या दाताला
वाटी लावून बघतात, तसा.

मी जन्मलो त्या आठवड्यात
वडिलांची पिठाची गिरणी जळाली होती.
आई म्हणायची, या पोराचा पायगुणच वाईट.
तिला पत्र लिहिलं: पाय पहिल्या नंबरावर आहे,
सहा आठवडे झाले.
तिने उलट विचारलं, जेवतोस ना वेळेवर?

टीव्हीवर रिकी कॉमेट. खरा रॉय गिडली,
गॅसवाल्याचा मुलगा. पापण्यांवर चमकी,
छातीभर बेगड, टाचा एवढ्या उंच
की दोघांनी धरून चढवलेला.
आपटत होता तो,
वाजत होतो मी.

दुसऱ्या गाण्याच्या वेळी खिळा पडून गेला होता.
ऑब्रेने मोच्याकडून पुडाभर खिळे आणले,
स्वतः गुडघ्यावर बसून माझ्या टाचेत ठोकले.
एकही तसा बोलला नाही.
मग जुन्या टेपमधला तेवढाच तुकडा कापून
पुढच्या आठ गाण्यांत डकवत राहिला.
आठही चालली.
त्याने पांढरी गाडी घेतली, चालवायला शिकला नाही.

त्र्याहत्तरच्या हिवाळ्यात ऐन रेकॉर्डिंगमध्ये वीज गेली.
टेप मंदावली, रॉयचा सूर
विहिरीत पोहरा सोडावा तसा खाली, खाली.
ऑब्रे अंधारात टाळ्या वाजवत होता.
तोच ठेवला, गाण्याचा शेवट म्हणून.

पुढे चमकी उतरली.
नवी पोरं आली, फाटके शर्ट, कानात सेफ्टी पिना.
म्हणाली, आमचं चुकलेलंच ठेवा.
जन्मभर तेच तर करत आलो, ऑब्रे म्हणाला.
पण ती ठरवून चुकायची
आणि ठरवून चुकलेलं त्याला ऐकवत नव्हतं.

मग गोठवलेल्या मटारची जाहिरात. गालिच्यांची.
एका बँकेसाठी सात सेकंदांची चाल,
शंभर पौंडांत, हक्कांसकट.
गाडी विकली. फळ्या कुणी नेल्या माहीत नाही.

त्याच्या अंत्यविधीला आम्ही चौघे,
त्यातला एक हिशेबनीस.
ऑर्गनवाल्याने सगळं अचूक वाजवलं.
ऑब्रेला आवडलं नसतं.

डिसेंबर लागला की सुपरमार्केटात ते गाणं येतं.
मी दुधाच्या कपाटापाशी थांबतो.
गिटार, टाळ्या, रॉयचा बसका घसा,
बायका त्यावरच ढकलगाड्या रेटतात.
मग ती किणकिण,
अजूनही जराशी उशिरा.

पायात डॉक्टरांनी दिलेले मऊ बूट आहेत.
चाललो तरी मला ऐकू येत नाहीत.